विश्लेषण : देणगीसाठी रोज फोन, रोज लिंक... कुणाला द्यायचे आणि कुणाला ‘नाही’ म्हणायचे?

दुपारी अडीचची वेळ. मोबाइलवर अनोळखी क्रमांक. पलीकडची मुलगी न थांबता बोलू लागते. तीन वर्षांचे बाळ, हृदयाला छिद्र, उद्या शस्त्रक्रिया, अजून ४० हजार कमी पडताहेत, ‘सर, तुम्ही निदान दोन हजार तरी...’ फोन ठेवला तर दिवसभर मनाला टोचणी. पैसे पाठवले तर पुढल्या आठवड्यात दुसऱ्याच संस्थेचा फोन. संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या तरी मावसभावाच्या उपचारांची लिंक, मॉलच्या दारात टॅबलेट घेऊन उभे असलेले तरुण आणि गणपती जवळ आले की वर्गणीचे पावतीपुस्तक. ज्याला द्यायची इच्छा आहे, त्याचीच यात जास्त ओढाताण होते. यातले खरे काय, करसवलत नेमकी किती आणि दिलेला पैसा कामी लागतो की नाही, हे कसे ओळखायचे?

फोन करणारे नेमके कोण असतात?

फोनवर बोलणारी व्यक्ती किंवा मॉलबाहेरचा तरुण संस्थेचाच कार्यकर्ता असतो असे नाही. अनेक संस्था हे काम बाहेरच्या एजन्सीला देतात. या मुलामुलींना रोजचे उद्दिष्ट दिलेले असते, समोर लिहून दिलेला मजकूर असतो. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही, ती नोकरी करत असतात. पण आपण देत असलेल्या पैशांतला काही भाग या यंत्रणेवर खर्च होणार, एवढे लक्षात असावे. ‘तुम्ही संस्थेत काम करता की एजन्सीत?’ हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही.

अशा वेळी बहुधा एकरकमी देणगी मागितली जात नाही. ‘महिन्याला फक्त ५०० रुपये’ असे सांगून यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावर कायमचा आदेश घेतला जातो. म्हणजे वर्षाचे सहा हजार. ते द्यायला हरकत नाही, पण मॉलच्या दारात दोन मिनिटांत हा निर्णय घेऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्ड आणि यूपीआयवरील अशा आदेशात रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळायला हवी. यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ या भागात जाऊन आपण हा आदेश स्वतः रद्द करू शकतो. घरातील ज्येष्ठांच्या फोनमध्ये तो भाग एकदा उघडून पाहावा. विसरलेली एखादी ‘मासिक मदत’ तिथे सापडू शकते.

‘नाही’ कसे म्हणायचे?

नाही म्हणणे जड जाते, कारण निर्णयाची वेळ समोरच्याने ठरवलेली असते. शस्त्रक्रिया उद्या, मोहीम आज संपणार, ३१ मार्च परवा. आपण मात्र बसमध्ये उभे असतो किंवा कुकरची शिट्टी मोजत असतो. ही वेळ आपल्या हातात घेतली की निम्मा ताण उतरतो.

त्यासाठी एक वाक्य पुरेसे आहे : ‘फोनवर मी देणगी देत नाही. संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून पाठवा, घरी बोलून ठरवू.’ खोटी सबब नको, वाद नको, ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे मोघम आश्वासनही नको. त्या आश्वासनाची नोंद होते आणि पुढच्या महिन्यात फोन येतोच. काम खरे असेल तर संस्था माहिती पाठवेल आणि वाट पाहील. ‘आत्ताच, याच क्यूआर कोडवर’ असा हट्ट धरला गेला, तर तिथेच फोन ठेवावा. ओटीपी किंवा यूपीआय पिन विचारला गेला तर तो देणगीचा फोन नव्हेच.

‘८०जी आहे, निम्मे पैसे परत मिळतील’ हे खरे का?

नाही, आणि देणगी मागताना सर्वाधिक गैरसमज याच वाक्याने होतो. ‘५० टक्के वजावट’ म्हणजे देणगीची निम्मी रक्कम परत मिळणे नव्हे, तर निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होणे.

समजा, जुन्या करप्रणालीतील आणि २० टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याने १० हजार रुपये दिले. वजावट ५ हजारांची. त्यावर वाचणारा कर १ हजार, उपकर धरून १,०४० रुपये. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर १,५६० रुपये. त्यातही बहुतेक संस्थांच्या बाबतीत समायोजित उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच्याच देणग्या धरल्या जातात. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, पीएम केअर्स, मुख्यमंत्री सहायता निधी यांना दिलेल्या रकमेवर पूर्ण १०० टक्के वजावट आहे. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आपोआप लागू होणारी नवी करप्रणाली ज्यांनी ठेवली आहे, त्यांना ‘८०जी’ची वजावट मिळतच नाही. अशांना करसवलतीचे आमिष दाखवण्यात काही अर्थ नाही.

आणखी काही गोष्टी. दोन हजारांहून अधिक रोख दिल्यास वजावट नाही. धान्य, कपडे, पुस्तके अशा वस्तूंवरही नाही. २०२१-२२पासून संस्थेने देणग्यांचे विवरण प्राप्तिकर खात्याला देऊन देणगीदाराला ‘१०बीई’ प्रमाणपत्र द्यायचे असते, नुसती छापील पावती पुरत नाही. प्राप्तिकर कायदा, २०२५मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण बोलण्यात आणि पावत्यांवर ‘८०जी’ हाच शब्द रुळलेला आहे.

संस्था खरी आहे हे घरबसल्या कसे तपासायचे?

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांची नोंद १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तालयाकडे असते. नोंदणी क्रमांक बहुधा ‘ई’ किंवा ‘एफ’सारखे अक्षर, पुढे आकडा आणि कंसात जिल्ह्याचे नाव अशा स्वरूपाचा असतो. धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर न्यासाचा शोध घेता येतो. ‘८०जी’ची मान्यता प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’वर संस्थेचा ओळख क्रमांक मिळतो, पण दर्पणवर नाव असणे म्हणजे सरकारने कामाची पारख केली असा अर्थ होत नाही. तेच ‘८०जी’बाबतही खरे आहे. या सगळ्यातून संस्था कायद्याने अस्तित्वात आहे एवढेच कळते. ती चांगले काम करते का, हा प्रश्न उरतोच.

त्यासाठी संस्थेकडे दोन कागद मागावेत : गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल आणि वार्षिक अहवाल. मागितल्यावर येणारे उत्तर फार बोलके असते. लहानशा गावातील, इंग्रजी संकेतस्थळ नसलेली संस्था दोन दिवसांत हिशेबाचे फोटो काढून पाठवते आणि चकचकीत माहितीपटवाली संस्था ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो’ म्हणते, असेही होऊ शकते. दिखाव्यावर जाऊ नये, एवढेच.

पैसे पाठवताना खाते संस्थेच्याच नावावर आहे का, हे पाहावे. ‘सचिवांच्या खात्यावर पाठवा, लवकर मिळतील’ हे कारण कितीही पटणारे वाटले तरी मान्य करू नये.

‘तुमचा प्रत्येक रुपया थेट गरजूपर्यंत’ हा दावा चांगलाच ना?

ऐकायला चांगला, पण याच दाव्याने अनेक चांगल्या संस्थांचे नुकसान केले आहे. देणगीदाराला वही, शिधा, ब्लँकेट यांवर खर्च झालेला पैसा दिसतो. शिक्षिकेचा पगार, नर्सचा प्रवास, हिशेबनिसाचे मानधन मात्र ‘वरखर्च’ वाटते. वस्तूंसाठी हवे तेवढे देणारे मिळतात. कार्यकर्त्याच्या पगाराचा विषय निघाला की ‘समाजसेवेला पगार कशाला?’ असा प्रश्न येतो.

गडचिरोलीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, अशी ही कामे. ३९ गावांत हे काम झाले आणि ४७ गावांशी त्याची तुलना करण्यात आली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे या अभ्यासातून दिसले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळांच्या घरोघरी जाऊन देखभालीचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. यात पैसा कुठे लागला? प्रशिक्षणावर, मानधनावर, देखरेखीवर आणि घर न् घर नोंदी ठेवण्यावर. फोटो काढून दाखवावे असे त्यात फारसे काही नाही. नोंदी ठेवल्या नसत्या तर बाळे वाचली हे सिद्धही झाले नसते.

म्हणून ‘प्रशासकीय खर्च किती टक्के?’ या प्रश्नाबरोबरच ‘गेल्या वर्षी काय बदलले आणि ते तुम्हाला कसे कळले?’ हे विचारावे. खर्चाकडे डोळेझाक करावी असे नाही. परदेशी देणग्यांच्या बाबतीत तर २०२०च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आहे. पण शून्य खर्चाचा दावा करणारी संस्था एक तर हिशेब नीट मांडत नाही, किंवा तिची माणसे फुकट राबत आहेत. असे काम किती वर्षे चालेल?

रुग्णाच्या मदतीची लिंक आली तर?

इथे खरी कसोटी लागते, कारण अनेकदा गरज खरी असते आणि वेळही खरोखर कमी असतो. रुग्ण ओळखीतला असेल तर सर्वात साधा मार्ग म्हणजे रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहून थेट पैसे भरणे. ओळखीतला नसेल तर आवाहनात दिलेल्या क्रमांकावर नव्हे, रुग्णालयाचा क्रमांक स्वतः शोधून तिथल्या समाजसेवा विभागात फोन करावा. रुग्णाची सगळी माहिती ते देणार नाहीत आणि देऊही नये. पण अशा आवाहनाची त्यांना कल्पना आहे का आणि मदत कशी स्वीकारली जाते, एवढे विचारता येते.

क्राउडफंडिंगच्या मंचावरून द्यायचे असेल तर ‘पे’ दाबण्याआधी स्क्रीन खालपर्यंत पाहावी. अनेक ठिकाणी मंचासाठीची ‘टिप’ आधीच निवडून ठेवलेली असते. ती कमी किंवा शून्य करता येते. शिवाय एखाद्या व्यक्तीच्या उपचारांसाठी थेट दिलेल्या पैशांवर ‘८०जी’ची वजावट नसते. रडणाऱ्या, नळ्या लावलेल्या बाळांचे फोटो दाखवण्यावर जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था ‘ॲस्की’ने २०२३मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. मदत न करणाऱ्याला अपराधी वाटेल अशी भाषा नको, पीडितांच्या प्रतिष्ठेला धक्का देणारी, विचलित करणारी चित्रे नकोत, असे त्यात म्हटले आहे. फोनवर येणाऱ्या जाहिराती पाहिल्या तर या सूचना किती पाळल्या जातात, हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात मात्र पैशांइतकीच, कधी कधी पैशांहून मोठी मदत माहितीची असते. कायद्याच्या कलम ४१एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या आहेत. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत आणि त्यांत कित्येक मोठी, नावाजलेली आहेत. त्याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. मुख्यमंत्री सहायता निधीचा वैद्यकीय कक्ष आहे. गावाहून आलेल्या, घाबरलेल्या नातेवाइकांना यातले काहीच ठाऊक नसते. लिंक पुढे ढकलण्याऐवजी कुणी तरी शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन त्यांच्याबरोबर समाजसेवकाच्या टेबलापर्यंत गेले, तर अर्धा तास आणि रिक्षाचे भाडे एवढ्यात बिलाचे ओझे उतरू शकते.

पूर, भूकंपानंतर काय द्यावे?

जुने कपडे शक्यतो नकोत. डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना ते कामाचे नव्हते. ‘गूंज’सारख्या संस्थेला हे कपडे निवडून, धुऊन पुन्हा वापरात आणण्याचे मोठे काम करावे लागले. पहिल्या आठवड्यात पाणी आणि बिस्किटांचे ट्रक रांगेने उभे असतात. तीन महिन्यांनी मुलांची पुस्तके, पेरणीचे बियाणे, वाहून गेलेली शिलाई मशीन यांची गरज असते, तेव्हा विचारणारे कुणी नसते. म्हणून ठरवलेल्या रकमेतील निम्मी तेव्हासाठी मागे ठेवावी.

आपत्तीच्या पहिल्या काही तासांत भामटेही जागे होतात. मार्च २०२०मध्ये पीएम केअर्सचा खरा यूपीआय पत्ता ‘पीएमकेअर्स ॲट एसबीआय’ असा असताना ‘केअर्स’मधला शेवटचा ‘एस’ वगळून हुबेहूब दिसणारा बनावट पत्ता फिरत होता. एका अक्षराचा फरक. क्यूआर कोड फॉरवर्डमधून घेऊ नये, निधीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवावे. पैसे पुढे सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता असते.

गल्लीतल्या वर्गणीला नकार देता येतो?

देता येतो. उत्सवासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांना कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. पावतीवर तो क्रमांक आहे का, हे पाहण्याचा हक्क देणाऱ्याला आहे. दुकानदाराला आकडा सांगून धमकावणे ही वर्गणी नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८खाली तो खंडणीचा गुन्हा ठरू शकतो. अर्थात रोज समोर दिसणाऱ्या पोरांशी कायद्याच्या भाषेत बोलायची वेळ क्वचितच येते. ‘आमचे दरवर्षीचे २५१ ठरलेले आहेत’ हे हसून सांगितले की बहुतेक ठिकाणी भागते.

परदेशातील मराठी माणसाने पाठवायचे तर?

पासपोर्ट कोणत्या देशाचा, यावर सगळे अवलंबून आहे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकी किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्याची, म्हणजे ओसीआय कार्ड असणाऱ्याचीही, देणगी मात्र परदेशी ठरते. ती घेण्यासाठी संस्थेकडे ‘एफसीआरए’ नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणी असलेल्या संस्थांना ही रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. गावातल्या शाळेच्या साध्या खात्यात प्रेमाने पाठवलेले डॉलर त्या शाळेलाच अडचणीत आणू शकतात.

किती आणि कुणाला, हे ठरवायचे कसे?

इस्लाममध्ये जकातीसाठी बचतीच्या अडीच टक्क्यांचा हिशेब आहे, शीख परंपरेत दसवंध म्हणजे दहावा हिस्सा. वर्षाचा आकडा आधी ठरवण्याचा मोठा फायदा असा, की नंतर प्रत्येक फोनला नव्याने उत्तर शोधावे लागत नाही. उत्पन्नाचा एक टक्का असो की महिन्याचे ३०० रुपये, घरात बसून आकडा ठरवावा आणि वहीत लिहावा. त्यातला मोठा भाग दोन-तीनच संस्थांना, सलग काही वर्षे. थोडा भाग अचानक येणाऱ्या गरजांसाठी : घरकाम करणाऱ्या मावशींच्या मुलीची फी, वॉचमनच्या घरचे आजारपण. यावर करसवलत नाही, पावती नाही. पण गरज डोळ्यांसमोर असते, मधे कुणी नसते आणि पैसे कशाला लागले हे दुसऱ्या दिवशी समजते.

दहा संस्थांना ५००-५०० देण्यापेक्षा एकीला ५ हजार दिले तर तिचे पावत्या आणि टपालाचे काम वाचते. दरवर्षी येणारी आणि ‘अमुकसाठीच’ अशी अट नसलेली रक्कम संस्थेला सर्वाधिक उपयोगी पडते, कारण वीजबिल आणि पगार तिच्यातून भागतात. संस्था निवडताना स्वतःच्या आयुष्यातला धागा पाहावा. घरात कुणी कर्करोगातून गेले असेल तर तो विषय, शिष्यवृत्तीवर शिकले असाल तर शिक्षण. पुण्यात पितृपंधरवड्यात भरणाऱ्या ‘देणे समाजाचे’ या प्रदर्शनात राज्यभरातील संस्थांचे कार्यकर्ते स्वतः भेटतात. तिथे तासभर उभे राहून मारलेल्या गप्पांतून वर्षभराच्या फोनपेक्षा जास्त कळते.

पहिल्या वर्षी छोटी रक्कम द्यावी. पावती आली का, १०बीई मिळाले का, वर्षअखेरीस कामाची चार ओळींची तरी खबर आली का, हे त्याच वहीत नोंदवावे. जमल्यास एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे, तेही आधी कळवून, मुलांच्या जेवणाची किंवा अभ्यासाची वेळ न मोडता आणि फोटो न काढता. मग पुढच्या एप्रिलमध्ये वही उघडून कुणाची रक्कम वाढवायची आणि कुणाच्या नावावर फुली मारायची, हे ठरवावे.